रोहिणखेडला मुक्काम करू या!

पाठीवर एक पिशवी, सोबत चार दोस्त आणि दोन रात्रींचा स्वस्त मुक्काम. बाल्टिक किनाऱ्यावरचं रीगा हे शहर आपली मराठी पोरं असंच पायी पालथं घालतात. तिथल्या जुन्या शहराला १९९७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. महायुद्धात जळालेली ब्लॅकहेड्स व्यापारी संघाची वास्तू रीगानं १९९९ मध्ये पुन्हा उभी केली. ती पाहून पोरं भारावून परततात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

तीच पिशवी आता बुलडाण्याच्या रोहिणखेडकडे वळावी, असं आम्हाला वाटतं. मलकापूरला रेल्वेतून उतरा, मोताळ्याची वाट धरा. घाटाच्या पायथ्याच्या या गावानं दोन मोठ्या लढाया पाहिल्या. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसननं खानदेशच्या नासिर खानाला इथं हरवून थेट बुऱ्हाणपूरपर्यंत पिटाळलं. दीडशे वर्षांनी निजामशाहीच्या गादीचा झगडाही इथंच निकाली निघाला. खुदावंद खान महदवीनं १५८२ मध्ये बांधलेली छोटी, देखणी मशीद त्या काळाची साक्ष देते.

अशा गावी धावती भेट पुरत नाही. सकाळी घाट चढावा, दुपारी भाकरी-ठेचा खावा, संध्याकाळी पारावर म्हाताऱ्यांचं ऐकावं. त्यासाठी रात्रीचा निवारा हवा. ग्रामपंचायतींनी एखादी स्वच्छ खोली, पाणी आणि संडास एवढी सोय केली, तरी तरुण येतील आणि गावात चार पैसेही येतील. हा अंक त्याच आग्रहासाठी आहे. वाचा, दोस्तांना गोळा करा आणि निघा.