अभ्यासाला ॲप पुरत नाही, जागा लागते

वेळेचं नियोजन, नोट्स ठेवण्याचे ॲप, नवीन गोष्ट लवकर कशी शिकावी यावरचे सॉफ्टवेअर इंजिनिअर मंडळींचे लेख आणि व्हिडिओ आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरापोरींपर्यंतही पोचले आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंही 'पोमोडोरो' म्हणू लागली आहेत. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती.

आमचा याला विरोध नाही. नोटिफिकेशन बंद ठेवा, एका वेळी एकच काम करा, शिकलेलं दुसऱ्याला समजावून सांगा, हे सगळं पटण्यासारखंच आहे. गंमत एवढीच की पोमोडोरोची सुरुवात ॲपवर झालीच नव्हती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवून ती पद्धत बसवली.

पण या लेखांत एक गोष्ट कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला ती आयतीच मिळालेली असते. स्वतःची खोली आणि बंद करता येणारं दार. बाबासाहेबांच्या शाळेच्या दिवसांत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. भीमराव लवकर झोपायचे आणि रात्री दोनच्या सुमारास वडील रामजी त्यांना अभ्यासाला उठवायचे. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. आमच्या मते त्यात सोय करून देणारा बापही तितकाच महत्त्वाचा आहे. आज आपल्या घरात ही सोय कोण करतं? आणि केलीच तर पोरासाठी. पोरगी भांडी घासून येईपर्यंत फोन भावाच्या हातात असतो. तिला कोणतं ॲप वेळ वाचवून देणार?

दुसरं, सगळं 'क्लाउड'वर ठेवा म्हणतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तिथं नेटवर्कच्या भरवशावर अभ्यास कसा ठेवायचा! १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली निघू लागलेले शासनाचे बाबासाहेबांचे खंड आज पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ते मेमरी कार्डात भरून हातोहात द्या. इंग्रजी जड जात असेल तर तीन भागांतल्या अठराव्या खंडापासून सुरुवात करा, त्यात मराठी भाषणंच आहेत. जयभीमचे पन्नास रील फॉरवर्ड करून कुणाचं वाचन झालेलं नाही.

आणि शिकणं एकट्याचंच असतं, हे तरी कुणी ठरवलं? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यास गट चालवले. माणसं बसून कायदा समजून घ्यायची, मग ग्रामसभेत निर्णय व्हायचा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचा अधिकार ग्रामसभेकडे आला. आपल्या शेजारच्या गोंड बांधवांनी हे करून दाखवलं. आपली पदवीधर पोरं मात्र एकेकटी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली आहेत.

काही ज्येष्ठ म्हणतात, विहारात मोबाईलच नको. आम्हाला हे मान्य नाही. मोबाईल बाहेर ठेवला तर पोरंही बाहेरच राहतील. त्यापेक्षा विहारात एक जुना पण चालू लॅपटॉप, चार खुर्च्या, इन्व्हर्टर आणि रात्री सात ते दहा उघडं दार ठेवा. मुलींना घरून आणण्या-पोचवण्याची जबाबदारी समितीने घ्यावी. १४ एप्रिलच्या आणि १६ ऑक्टोबरच्या डीजेच्या वर्गणीतून हा खर्च निघतो की नाही, ते प्रत्येक समितीने आपली वही उघडून बघावं.

सवय नवी लावायची नाहीच. वर्षावासात आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं सामूहिक वाचन करतोच. प्रश्न आहे तो उरलेल्या नऊ महिन्यांचा. तेव्हा विहाराची किल्ली कुणाकडे असते, एवढं येत्या बैठकीत विचारा.