ऊसतोड कामगारांचे आरोग्य: पाहणीतून काय कळते आणि काय नाही?

हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या सातारा-सांगलीतल्या कारखान्यांच्या परिसरात कोप्या टाकतात. त्यांच्या आजारांचा अभ्यास व्हायलाच हवा. पण तो कोणत्या पद्धतीने करायचा, यावर उत्तर खरे की फसवे हे ठरते.

२०१९ चा आकडा काय सांगतो?

ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सुमारे १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही गटांतील वयाचे प्रमाण सारखे नसल्याने थेट तुलना जपूनच करावी. तरीही फरक गंभीर आहे.

मात्र एका वेळी केलेली पाहणी 'किती जणींना?' एवढेच सांगते. 'कशामुळे?' हे सांगत नाही. कष्टांमुळे आजार झाला, खाडा पडला की पैसे कापले जातात म्हणून पाळीच नको वाटली, की गरज नसताना सल्ला दिला गेला? हे शोधायचे तर त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण ऊसतोडीला न जाणाऱ्या महिलांशी तुलना हवी.

मूत्रपिंडासाठी वेगळी पद्धत

मध्य अमेरिकेत उन्हात राबणाऱ्या ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा आजार मोठ्या प्रमाणात आढळला. आपल्याकडे हे तपासायचे तर हंगामाच्या मध्यावर कराड किंवा वाळवा तालुक्यात एक शिबिर घेऊन भागणार नाही. जे आजारी पडले, ते गावीच राहिलेले असतात. शिबिरात धडधाकट माणसेच भेटतात आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. त्याच माणसांचे क्रिएटिनिन हंगामाआधी आणि हंगामानंतर मोजावे. मध्येच घरी परतलेल्यांनाही गाठावे.

उपाय तपासायचा असेल तर एकेका माणसाऐवजी अख्खी टोळी हे एकक धरावे, कारण टोळीचे पाणी, विश्रांती आणि कामाचे तास एकच असतात. पिण्याचे पाणी आणि सावली सर्वांनाच द्यावी. विश्रांतीच्या नव्या वेळापत्रकासारखा जादा उपाय मात्र काही टोळ्यांत आधी आणि काहींत नंतर सुरू करून फरक पाहता येतो.

तुमच्याकडे कोणी तपासणीला आले तर विचारा

- हा अभ्यास कशासाठी? नैतिक समितीची मंजुरी आहे का?
- संमती माझी स्वतःची घेणार ना? मुकादमाची संमती चालत नाही.
- माझा रिपोर्ट मला मिळेल का? दोष निघाला तर उपचार कुठे?
- नकार दिला तर कामावर परिणाम होणार नाही ना?

आणि एक महत्त्वाचे: केवळ अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे एवढ्यावरून कोणी गर्भाशय काढायला सांगितले, तर घाई करू नका. सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत जरूर घ्या.