ध्वनिसंग्रह आणि अचौर्य

उच्चारलेला शब्द हवेत विरतो, हा रेडिओचा स्वभाव आहे. ग्रंथ पुन्हा उघडता येतो. निसटलेला कार्यक्रम परत येईलच याची शाश्वती नसते. गोंदियासारख्या बाजारपेठेच्या गावी तर ऐकण्याजोगा कार्यक्रम सुरू असतो, नेमके तेव्हाच दुकानात गिऱ्हाईक उभे असते. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे प्रसारण आता ‘न्यूज ऑन एअर’ या अधिकृत ॲपवर व संकेतस्थळावर उपलब्ध आहे. असे इंटरनेटवरील प्रसारण घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करून सवडीने ऐकता येते, आणि त्यासाठी लागणारी साधने विनामूल्य आहेत.

पहिले साधन ‘व्हीएलसी’. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या १९९६ सालच्या प्रकल्पातून ते उदयास आले व २००१ पासून मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले आहे. ‘मीडिया’ या सूचीतील ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये प्रसारणाचा पत्ता भरावा, ‘व्ह्यू’मधून ‘ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स’ सुरू करावे आणि लाल बटण दाबावे. तेच बटण पुन्हा दाबले की मुद्रण थांबते.

प्रसारणाचा थेट पत्ता मिळत नसेल, तर ‘ऑडॅसिटी’ हे दुसरे साधन उपयोगी पडते. विंडोजवर त्यात ‘वासापी’ व ‘लूपबॅक’ हे पर्याय निवडले की स्पीकरमधून वाजणारा ध्वनी मुद्रित होतो. ‘टायमर रेकॉर्ड’ने आरंभाची व समाप्तीची वेळही ठरवून ठेवता येते. मात्र त्या अवधीत संगणक निद्रावस्थेत जाऊ देऊ नये. अन्य सूचनांचे आवाजही बंद ठेवावेत, अन्यथा प्रवचनाच्या मध्येच व्हॉट्सॲपची घंटी उमटते. ही दोन्ही साधने त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत. तीच नावे लावून पैसे मागणाऱ्या किंवा सोबत भलतेच काही संगणकात शिरवणाऱ्या जागा टाळाव्यात.

जागेचा हिशेबही सोपा आहे. १२८ केबीपीएस दर्जाचे एक तासाचे मुद्रण सुमारे ५८ एमबी भरते. पर्युषणाचे आठ दिवस रोज एक तास धरला, तर सुमारे ४६१ एमबी. दशलक्षणाच्या दहा दिवसांचे सुमारे ५७६ एमबी. १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये अडीचशे तास सहज मावतात.

तथापि, सोय मिळाली म्हणजे अधिकार मिळाला असे नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसारणावर प्रसारकाचा पंचवीस वर्षे स्वतंत्र हक्क असतो. कलम ३९ स्वतःच्या खाजगी वापरासाठी मुद्रण करण्यास मोकळीक देते. ते मुद्रण समाजाच्या गटात सर्वत्र पाठवणे किंवा त्याच्या प्रती विकणे या मोकळिकीत बसत नाही. आपल्या तिसऱ्या अणुव्रताची भाषा याहून नेमकी आहे : जे दिले गेले नाही, ते घेणे म्हणजे अदत्तादान. सशुल्क सॉफ्टवेअरची चोरटी प्रत दुकानाच्या संगणकावर चालवणे हेही त्यातच येते. निर्मात्याने स्वेच्छेने खुले केलेले साधन असताना तो दोष पदरी का घ्यावा?

जतन करणे ही आपली परंपराच आहे. विदर्भातील कारंजा येथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांत हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. कारंजाच्याच नावाने निघालेल्या ग्रंथमालेत १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प्रसिद्ध झाले. जुने लिपिकार ग्रंथाच्या अखेरीस संवत, गाव आणि प्रत कोणासाठी केली हे पुष्कळदा नोंदवून ठेवीत. आपणही प्रत्येक मुद्रणाला वक्त्याचे नाव, विषय, केंद्र व दिनांक द्यावा. खतावणीवाचूनचा व्यवहार जसा वर्षअखेरीस कळेनासा होतो, तसे नाव नसलेले मुद्रण पुन्हा कोणी ऐकत नाही. शिवाय अपरिग्रहाचे स्मरण ठेवून जे ऐकले जाणार आहे, तेवढेच साठवावे. येत्या चातुर्मासात घरातील तरुणांनी ज्येष्ठांसाठी एवढी व्यवस्था करून दिली, तर स्वाध्यायास मोठेच साहाय्य होईल.