तुळस मान कां टाकते ?

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक लहानसा अन्याय घडला, व तो आमच्याच हातून घडला. त्याची कबुली या पानावर द्यावी असें बरेच दिवस मनांत होतें. शिवाय त्या निमित्तानें वनस्पतिशास्त्रांतील एक मनोरंजक प्रकरण वाचकांपुढें ठेवण्याची संधि मिळत आहे. ती आम्ही कशाला दवडूं?

झालें असें. एके दिवशीं सकाळीं वृंदावनांतील तुळशीनें मान टाकलेली दिसली. पानें मलूल झालेलीं, देठ खालीं झुकलेले. दिवस उन्हाळ्याचे, तेव्हां रोपाला पाणी मिळालें नाहीं असा निष्कर्ष आम्हीं तत्काळ काढला, आणि तो मनांत न ठेवतां चारचौघांदेखत सूनबाईस दोन शब्द सुनावले. ती "बरें" एवढेंच म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही स्वतः सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालूं लागलों. आठव्या दिवशीं तुळस पार गेली. माती उकरून पाहतों, तों वृंदावनाच्या तळाचें छिद्र बुजलेलें, खालीं नुसता चिखल, आणि मुळें काळीं पडून कुजलेलीं ! रोप तहानेनें नव्हे, तर पाण्यानें मेलें होतें.

आमचें सारें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. 'पादप' या शब्दाचा विग्रह आम्हीं किती मुलांकडून घोटून घेतला असेल, त्याची गणती नाहीं. पायांनीं पितो तो पादप. परंतु ते पायच गुदमरले तर तो पिणार कसा, हा विचार आमच्या मनाला कधीं शिवला नाहीं. मुळांनाहि प्राणवायु लागतो, व तो त्यांना मातीच्या कणांमधील पोकळींतून मिळतो. त्या पोकळींत पाणी भरून राहिलें म्हणजे मुळांचा श्वास कोंडतो, पाणी ओढून घेण्याची त्यांची शक्ति जाते, आणि भोंवतीं पाणी असूनहि झाड सुकूं लागतें.

मात्र संकट अवर्षणाचें असो वा अतिवृष्टीचें, झाड तें नुसतें मुकाट्यानें सोसतें, ही आपली समजूत खरी नाहीं. त्याला पळतां येत नाहीं, मज्जातंतूहि नाहींत. पण एका अवयवाची वार्ता दुसऱ्यास पोंचविणारीं द्रव्यें त्याच्या अंगीं आहेत. शास्त्रज्ञ त्यांना हॉर्मोन म्हणतात. मराठींत त्यांना संजीवकें असें सुंदर नांव आहे. त्यांचें प्रमाण अगदीं अल्प, पण अंमल मोठा.

प्रथम तहानेची गोष्ट घेऊं. पानांच्या पाठीवर नुसत्या डोळ्यांस न दिसणारीं असंख्य रंध्रें असतात, व प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंस दोन रक्षक पेशी असतात. या पेशी पाण्यानें टंच फुगल्या म्हणजे रंध्र उघडतें. सैल पडल्या म्हणजे मिटतें. उघड्या रंध्रांतून अन्नासाठीं लागणारा कार्बन डायऑक्साइड वायु आंत येतो, पण त्याच वाटेनें पाण्याची वाफ बाहेर जाते. जमीन कोरडी पडूं लागली कीं पानांत ॲब्सिसिक आम्ल नांवाचें संजीवक सांठतें. तें रक्षक पेशींना भिडलें कीं त्यांतील पोटॅशियम बाहेर पडतें, मागोमाग पाणीहि जातें, पेशी सैल होतात, आणि दार लागतें. पाणी वांचतें, पण अन्न करण्याचें कामहि मंदावतें. दुष्काळांत घरची चूल एकच वेळ पेटवावी, तसाच हा प्रकार. मुळांशीं पडलेला कोरडेपणा पानांना कळतो कसा, याचा एक धागा २०१८ सालीं जपानी शास्त्रज्ञांस मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपांत सांपडला. तेथें मुळें प्रथिनाचा एक इवलासा तुकडा वर धाडतात, आणि तो पोंचतांच पानें हें आम्ल तयार करूं लागतात.

दुसरें संजीवक इथिलीन. हें वायुरूप आहे. अढींत आंबे पिकतात ते याच्याच जोरावर. १९०१ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें नेलजुबॉव्ह या तरुण शास्त्रज्ञास दिसलें, कीं प्रयोगशाळेंतील वाटाण्याचे कोंब सरळ न वाढतां आडवे वाढतात. शोध करतां त्याचें कारण दिव्यांच्या गॅसमधील इथिलीन निघालें. पुढें असें कळलें, कीं मुळें पाण्यांत बुडालीं म्हणजे त्यांत या वायूचें पूर्वद्रव्य सांठतें, कारण त्याचा वायु होण्यास प्राणवायु हवा, आणि तो तर तेथें नसतो. मग तें पूर्वद्रव्य रसाबरोबर वर चढतें, आणि वर हवा मिळतांच त्याचें इथिलीन होतें. टोमॅटोच्या रोपांत यामुळें देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षां अधिक वाढते, आणि पान खालीं वळतें. पाहणारा म्हणतो, "रोप तहानलें", आणि रोप तर सांगत असतें, "आतां पुरे करा!"

याहून कठीण परीक्षा भाताच्या रोपाची. पुरांत तें संपूर्ण बुडालें म्हणजे इथिलीन बाहेर निसटूं शकत नाहीं, अंगांतच कोंडतें. त्या इशाऱ्यावर जिबरेलिन नांवाचें तिसरें संजीवक जोर करतें, आणि पाण्याबाहेर डोकें काढण्यासाठीं रोप भराभर उंच होऊं लागतें. पूर लवकर ओसरला नाहीं, तर सांठविलेली शिदोरी संपून तें मरतें. ओडिशांतील जुन्या भातांतून निवडलेली एफ. आर. १३ ए ही जात मात्र वाढ आवरते, शिदोरी राखते, आणि पंधरवडाभर पाण्याखालीं तग धरते. यामागील सब-१ ए हा जनुक शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं ओळखला. हा गुण संकरानें 'स्वर्णा' या लोकप्रिय जातींत उतरविण्यांत आला, आणि तें भात २००९ सालीं आपल्या देशांत शेतकऱ्यांसाठीं प्रसृत झालें.

ही सारी माहिती आम्हीं वाचली, ती तुळस गेल्यानंतर. मग सूनबाईस विचारलें, तेव्हां ती शांतपणें म्हणाली, "मामंजी, त्या सकाळीं मीं माती चाचपून पाहिली होती. ती ओलीच होती."

"मग तेव्हां बोलली कां नाहींस ?"

"आपण रागावलां होतां."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्या चारचौघांदेखत तिला बोललों होतों, त्यांच्याचदेखत आम्हीं आपली चूक कबूल केली.

वाचकांस विनंति एवढीच, कीं झाडानें मान टाकली तर पाणी घालण्यापूर्वीं बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. माती कोरडी असेल तर पाणी द्यावें. ओली असेल तर पाणी थांबवून तळाचें छिद्र मोकळें करावें. आमच्या वृंदावनांत आतां त्या छिद्रावर खापरीचा तुकडा बसविला आहे, नवी तुळस लावली आहे, आणि तिला पाणी केव्हां घालायचें तें सूनबाई ठरविते.