मांडवातला पडदा



मागे सिडनीच्या पश्चिम भागात आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न होतं. मंडळी लेबनॉनची, मुसलमान. निघायच्या आधी आमच्या ह्यांना एकच घोर: "बायका-पुरुष वेगळे बसवतील, मी एकटा कुणाशी बोलू?" लहानपणी अलिबागकडे कोकणी मुसलमानांची लग्नं मी पाहिली होती. बायका आतल्या घरात ढोलकीवर गाणी म्हणायच्या, पुरुष बाहेर मांडवात. मीही म्हटलं, तसंच असणार.

हॉलवर पोचलो तर भलतंच! दारातच ढोलाचा दणदणाट आणि नवरानवरीची वाजतगाजत मिरवणूक. तिला ते 'झफ्फा' म्हणतात. मग 'दबके' सुरू झालं. हातात हात धरून एक रांग, आणि पाय आपटून ताल. मामा, मावश्या, भाचरं, सगळी एकाच रांगेत. ह्यांनाही कुणीतरी ओढलं. गुडघे दुखतात म्हणणारे आमचे हे अर्धा तास खाली बसले नाहीत!

पण म्हणून सगळे लेबनीज असेच, असं समजू नका. त्याच नवरीच्या आत्याने आपल्या मुलीच्या लग्नात बायकांचा हॉल वेगळा ठेवला होता. एक घर, एक धर्म, दोन रीती. निकाहाला कबुली, साक्षीदार आणि मेहेर लागते. लग्न दफ वाजवून जाहीर करावं असंही हदीसमध्ये आलं आहे. बाकी वाद्यं आणि नाच किती चालावा, यावर त्यांच्या पंडितांत पूर्वीपासून मतभेद आहेत. मलेशियात नवरानवरीला एका दिवसाचे राजाराणी मानून सजवलेल्या आसनावर बसवतात. पाहुणे एकत्र जेवतात, पण जोडीने नाचणं सहसा नाही.

मला खरं शिकवलं ते एका अफगाण लग्नाने. तिथे मधोमध पडदा होता. मनात आलं, बिचाऱ्या बायका! आत गेले तर डोक्यावरची ओढणी बाजूला ठेवून आज्या, सुना, नाती मनसोक्त नाचत होत्या. फोटोला मात्र सक्त मनाई. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पडदा आहे म्हणून तर आम्ही अशा नाचतो." तालिबानने १९९६ ते २००१ या काळात संगीतावर बंदी घातली होती, आणि २०२१ नंतर पुन्हा लग्नातली गाणी बंद पाडली. त्या बाईंची बहीण अजून काबूलला आहे. हे सांगताना त्यांचा आवाज बसला. पडदा बायकांनी स्वतः धरला तर एक गोष्ट, आणि दुसऱ्याने तोंडावर हात ठेवला तर अगदी दुसरी.

हे सगळं आज का लिहिते? आमच्याच घरात भाचीचं लग्न ठरलंय. मुलाकडचे कडक धर्म पाळणारे, त्यांना नाचताना मध्ये पडदा हवा. माझी थोरली बहीण म्हणते, "आपल्या मेंदीला सगळे एकत्र गायले, आता हे काय नवीन? मी येणारच नाही." मी तिला एवढंच विचारलं, "अगं, भाचीला काय हवंय, ते विचारलंस का?"

बहीण गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने भाचीला फोन केला. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही, पण मेंदीच्या गाण्यांची वही तिने ट्रंकेतून काढलीय.

तुम्हाला कुणाचं आमंत्रण आलं, तर आधी फोन करून विचारा: बसायची सोय कशी? फोटो चालतील का? विचारण्यात कमीपणा नाही. उलट यजमानाला बरं वाटतं.