तंबोरा हवा, तोही खराखुरा!

मैत्रिणींनो, हल्ली गावोगावी गाण्याचे क्लास निघालेत. लेकींना गाणं शिकवायची हौस वाढली, हे चांगलंच झालं. पण क्लासमध्ये डोकावलं की काय दिसतं? एक हार्मोनियम आणि शेजारी मोबाइल. त्या मोबाइलातून तंबोरा वाजतोय! पाच-पाच परीक्षा दिलेल्या मुलींनी तंबोऱ्याला कधी हातसुद्धा लावलेला नसतो. मला हे अजिबात पटत नाही.

‘अहो ताई, मोबाइल फुकट आहे, शिवाय कायम सुरात!’ असं उत्तर मिळतं. सोय आहे, कबूल. पण कान तयार होतो तो तंबोरा लावताना. चारच तारा. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जाची. जोडीच्या दोन तारा अशा मिळवायच्या की एकच वाजते आहे असं वाटावं. मग घोडीवर तारेखाली दोरा असतो, तो केसभर इकडेतिकडे सरकवायचा. जागा सापडली की तार गुंजायला लागते. हीच ती जवारी. नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो! बटण दाबणाऱ्या मुलीला हा शोध कधी लागणार?

आणि हे वाद्य काही परदेशातून आणायचं नाही. आपल्या मिरजेत ते दीडशेहून जास्त वर्षं बनतंय. तलवारींना धार लावणारी शिकलगार मंडळी. हत्यारांचं काम सुटत गेलं तसे तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठाले कडू भोपळे, तुणीचं लाकूड आणि हातातलं कसब. बायकांच्या पट्टीचा तंबोरा पुरुषांच्या तंबोऱ्यापेक्षा लहान, हेही कितीजणींना ठाऊक असेल? बाईनं तिकीट लावून स्टेजवर गाणं म्हणजे नवल होतं, त्या काळात जाहीर मैफली करणाऱ्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली याच मिरजेत जन्मल्या.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात फोटो आले, छान वाटलं. पण मानांकनानं कारागिराची चूल पेटत नाही, गिऱ्हाईक लागतं.

तंबोरा स्वस्त नाही, हजारांत जातो. एकटीला झेपणार नाही, पण मंडळाला का झेपू नये? संक्रांतीला आपण वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटतो. घरोघरी त्यांची चळत लागलीय. एक-दोन वर्षं तो खर्च बाजूला ठेवला, थोडी वर्गणी काढली, तर गावात एक तंबोरा येईल आणि दहा मुली आळीपाळीनं त्यावर बसतील.

कुणाच्या माळ्यावर आजीचा तंबोरा धूळ खात असेल, तर तो भंगारात देऊ नका आणि हॉलमध्ये शोपीस म्हणूनही उभा करू नका. मिरजेला दाखवा. खुंट्या, घोडी, तारा बदलून पुष्कळदा तो पुन्हा बोलायला लागतो. फारच मोडला असेल तर त्याच मापाचा नवा करून मागा. फक्त नेताना एस.टी.च्या टपावर टाकू नका. भोपळा आहे तो, एका दणक्यात तडकतो. गवसणी घाला, जुनी गोधडी गुंडाळा आणि सरळ मांडीवर घेऊन बसा.