आम्हाला पुस्तिका नको, सिस्टर द्या

मागच्या महिन्यात इव्हिनिंग ड्यूटीला एम.एस्सी. नर्सिंगची एक मुलगी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन वॉर्डात आली. "सिस्टर, दहा मिनिटं द्याल?" मी आठची इंजेक्शनं भरत होते. बावीस नंबरचं सलाईन संपत आलं होतं, खाली गादीवर घेतलेल्या दोन नव्या पेशंटची नोंद बाकी होती. तरी कागद घेतला. अकरावा प्रश्न होता, 'गेल्या सहा महिन्यांत आपण डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध घेतले आहे काय?' बारावा, 'अशा औषधांच्या दुष्परिणामांची आपणास माहिती आहे काय?'

आहे. डायक्लोफिनॅकनं किडनीचं काय होतं, पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कसं खालावतं, अल्प्राझोलामची सवय कशी जडते, हे चोवीस वर्षं मी पेशंटच्या नातेवाइकांना समजावते आहे. आणि त्या संध्याकाळी यातल्या दोन गोळ्यांच्या स्ट्रिपा माझ्याच एप्रनच्या खिशात होत्या.

असे प्रबंध मी पुष्कळ पाहिले आहेत. शीर्षक ठरलेलं: 'निवडक रुग्णालयांतील परिचारिकांचे स्वऔषधोपचाराविषयीचे ज्ञान'. साठ परिचारिका गोळा करायच्या, पूर्वचाचणी घ्यायची, तासभर व्याख्यान द्यायचं, रंगीत माहितीपुस्तिका वाटायची, सातव्या दिवशी उत्तरचाचणी घ्यायची. गुण वाढतात, गृहीतक सिद्ध होतं, पदवी मिळते. आठव्या दिवशी वॉर्डात कुणी फिरकत नाही. गुण वाढल्यानं कुणाची कंबर दुखायची थांबली, हे कुठल्या प्रबंधात लिहिलंय ते मला दाखवा.

ताणाच्या मोजमापाचीही हीच तऱ्हा. ग्रे-टॉफ्ट आणि अँडरसन यांनी १९८१ साली बनवलेली ३४ प्रश्नांची मोजपट्टी आहे. तिच्या सात भागांपैकी एक भाग कामाच्या बोजाचा. आमच्याकडे सगळ्या भागांची बेरीज होते, 'मध्यम स्वरूपाचा ताण' असा शेरा पडतो आणि शिफारशीत योग-प्राणायाम येतो. प्राणायाम चांगलाच आहे. पण तो करायला नाइट संपवून घरी पोचलेल्या बाईला आधी चार तासांची झोप लागते. म्हणून तर ती अर्धी अल्प्राझोलाम घेते. हे औषध १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहे. डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपणं केमिस्टला बंधनकारक आहे. पण कोपऱ्यावरचा केमिस्ट सिस्टरला ओळखतो. तो चिठ्ठी मागत नाही.

ड्यूटीवर आलं की पाणी कमी प्यायचं, ही आमची सगळ्यांची जुनी सवय. दोघींपैकी एक बाथरूमला गेली की अख्खा वॉर्ड दुसरीवर पडतो. म्हणून लघवी दाबून धरायची. मग जळजळ सुरू होते. ओपीडी सकाळची आणि आमची मॉर्निंगही सकाळचीच. नाइट करून केसपेपरच्या रांगेत उभं राहायची ताकद उरत नाही. मग नॉरफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटलं की बंद. पेशंटला 'कोर्स पूर्ण करा' म्हणून बजावणाऱ्या आम्ही स्वतःचा कोर्स अर्ध्यावर सोडतो. हे चूक आहे, मी त्याची भलामण करणार नाही. पण या चुकीचं कारण म्हणून 'ज्ञानाचा अभाव' लिहिणारा प्रबंध खोटा आहे.

माझ्या बॅचची एक मैत्रीण अकरा वर्षं कंबरेसाठी डायक्लोफिनॅक घेत होती. ऑर्थोच्या वॉर्डात पेशंट उचलायला, कुशीवर वळवायला माणूस नाही, म्हणून कंबर गेली. रजा नाही, म्हणून गोळी. ड्यूटीच्या चपला घट्ट व्हायला लागल्या तेव्हा तिनं स्वतःच नडगीवर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला, तो लवकर भरेना. क्रिएटिनिन ४.१ निघालं. तिला कुणी दुष्परिणाम शिकवायचे होते? तिनं दोन बॅचच्या मुलींना औषधशास्त्र शिकवलं होतं.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो, शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयात जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. खरं संशोधन इथून सुरू होतं. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं तपासून २००२ साली निष्कर्ष छापले: परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेला पेशंट महिनाभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका थकून-विटून जाण्याची २३ टक्क्यांनी. तिकडेच कॅलिफोर्नियात २००४ पासून पेशंट आणि परिचारिका यांचं प्रमाण कायद्यानं पाळावं लागतं. एकेन यांनी कुणाला पुस्तिका वाटली नाही. त्यांनी माणसं मोजली.

उपकेंद्रावरच्या एएनएमचं दुखणंही याच जातीचं. मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, सर्वेक्षण, वर ऑनलाइन नोंदी. डोकं ठणकलं की गोळ्यांचा डबा हाताशीच असतो. कंत्राटी मुलींची कथा आणखी वाईट, कारण त्यांना आजारी पडणं म्हणजे पगार कापून घेणं. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या. कायम माणसं भरा, हे त्यांचं म्हणणं म्हणजेच ताणावरचा उपचार होता.

नर्सिंग कॉलेजांतल्या गाइड मॅडमना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्हीही कधीतरी नाइट केल्या आहेत. पुढच्या मुलीला वॉर्डात धाडाल तेव्हा तिला ड्यूटी रोस्टर उतरवून आणायला सांगा. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात मागायला सांगा. त्या दिवशी वॉर्डात किती पेशंट होते आणि खिशात किती गोळ्या होत्या, हे एकाच तक्त्यात मांडा. मग तो तक्ता ग्रंथालयात ठेवू नका, मंत्रालयात पाठवा.

त्या मुलीला प्रश्नावली परत दिली तेव्हा मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं: पेशंट ५४, सिस्टर २, वेळ रात्री ८.२०. प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता.